भालेरावांचा कॅमेरा

एका जंगलात, बाळांनो, एकदा फोटो काढण्याची साथ आली. त्यात सगळ्यांत जास्त तापले ते भालेराव. भालेराव म्हणजे अस्वल. राणीसाहेब वाघिणीच्या दरबारातले फोटोग्राफर.

त्यांच्या गळ्यात भोपळ्याएवढा कॅमेरा असे. त्याची लेन्स इतकी लांब, की वळताना शेजारच्याला लागायची. फोटो मात्र धुरकट यायचे. "कॅमेरा जुना झालाय," भालेराव म्हणायचे आणि नवा आणायचे.

राणीसाहेबांच्या बछड्याचं बारसं ठरलं. सगळं जंगल जमलं. भालेराव बटणं फिरवत उभे राहिले. तेवढ्यात पाळण्यातल्या बछड्यानं पहिल्यांदा डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि जांभई दिली. भालेराव अजून बटणंच फिरवत होते.

कोपऱ्यात ठकूमावशी बसली होती. ठकूमावशी म्हणजे साळिंदर. तिच्याकडे जुना, रबरबँड लावलेला कॅमेरा होता. तिनं तो क्षण टिपला.

फोटो बघून राणीसाहेबांचे डोळे भरून आले. हळूच डोळे पुसून त्यांनी विचारलं, "कुठला कॅमेरा गं हा?"

"साधाच आहे, राणीसाहेब. मी बाळाकडे बघत होते, म्हणून जमलं."

"नाव विचारतेय, कंपनीचं!"

आपण बटणांत अडकलो, हे भालेरावांना ठाऊक होतं. पण ते मोठ्यानं बोलले वेगळंच. "तरी म्हटलं, गोम कॅमेऱ्यातच असणार! असा कॅमेरा दरबारात हवा."

राणीसाहेबांना पटलं. मावशीचा कॅमेरा भालेरावांना मिळाला आणि भालेरावांचा मावशीला. मावशी "पण राणीसाहेब" एवढंच म्हणू शकली.

पुढच्या समारंभात भालेरावांच्या फोटोत त्यांचा स्वतःचा अंगठा आला. मावशीनं भोपळ्याएवढ्या कॅमेऱ्यातून हरणांची रांग टिपली. गवतावरचं दवसुद्धा दिसत होतं.

"बघितलंत?" भालेराव ओरडले. "मोठा कॅमेरा तो मोठाच! मी पहिल्यापासून सांगतोय!"

सगळ्या जंगलानं माना डोलावल्या. मग राणीसाहेबांनी मोठा कॅमेराही भालेरावांनाच परत दिला. दोन्ही कॅमेरे आता भालेरावांच्या गळ्यात. मावशीचे हात रिकामे.

मावशी चिडली. दोन दिवस काटे उभे ठेवून बिळात बसली. मग उजेड बघायची सवय सुटेना, म्हणून तळ्यावर गेली. मागोमाग भालेराव आले. जरा घुटमळले.

"मावशी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या बछडा पहिल्यांदा पाण्यात उतरणार. तू नुसतं सांग, कुठं उभं राहू आणि बटण कधी दाबू. तुझं नाव... नंतर बघू."

मावशीला त्यांचा राग आला. पण बछडा पाण्यात उतरणार आणि फोटो मात्र अंगठ्याचा येणार, हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ती झुडपामागून कुजबुजली, "डावीकडे सरका. खाली बसा. थांबा. थांबा... आता!"

फोटो अप्रतिम आला. राणीसाहेबांनी भालेरावांना शाल दिली आणि कॅमेऱ्याला हार घातला.

झुडपामागे कुणी पाहिलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, कॅमेरा घेताना तो गळ्यात शोभतो का, एवढंच पाहा. नजर विकत घ्यावी लागत नाही. ती झुडपामागे फुकट मिळते.