प्रात्यक्षिकातली गर्भवती

नेरजवळच्या आरोग्य केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं आणि वीज गेली. विषय होता, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना फवारणीच्या औषधांपासून कसं जपावं. कपाशीला भाव नव्हता, पण अळीला भूक होती. त्यामुळे त्या वर्षी फवारण्या वाढल्या होत्या. यवतमाळहून आलेल्या डॉ. अश्वजितांची सगळी चित्रं बंद पडलेल्या यंत्रात अडकली.

"हरकत नाही. नाटक करून शिकू," ते म्हणाले.

कोपऱ्यात गप्प बसलेल्या नर्स सुरभीला त्यांनी गर्भवतीची भूमिका दिली. तिची विचारपूस करायला पुढच्या रांगेतल्या अंगणवाडी सेविका इंदूबाईंना उभं केलं. दोघी सासू-सुना आहेत, हे सरांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. कोणी सांगितलं नाही. वीज गेल्यावर माणसाला करमणूक लागतेच.

 सुरभीला मात्र खरोखरच दिवस गेले होते. मागच्या वर्षीचा गर्भ टिकला नाही, म्हणून या खेपेला तीन महिने भरेपर्यंत घरात सांगायचं नाही, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. पण न सांगता नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुणं टाळायचं कसं? त्यानं स्वतः धुतले, तर सासू कारण विचारणार.

"काय बाई, घरी फवारणी चालू हाय का?" इंदूबाईंनी सुरुवात केली.

"हाय ना."

"औषधाचा डबा कुठी ठेवता?"

"सासूच्या खाटेखाली."

मागच्या रांगेतल्या सेविका मथुराबाई खुसखुसल्या. इंदूबाईंनी पदर सावरला.

"आन ते फवारणीचे कपडे कोन धुते?"

"मीच धुतो."

"काहून? अशा दिवसात त्याले हात लावू नये. औषध कातडीतून आत जाते. सासूले सांगतलं नाही का?"

"सासू गावभर हेच सांगत फिरते, बाई. मले वाटलं, तिले माहीत असंन."

सगळी खोली हसली. "वा, अगदी खऱ्या घरातलं वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

इंदूबाई हसल्या नाहीत. त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"कितवा महिना हाय?"

"तिसरा लागला."

"मांगच्या खेपेले..." इंदूबाई थांबल्या. "तवाबी तूच धूत होती."

 मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या डॉक्टरांनी.

"उत्तम! दोघी उद्या पुसदला या. तिथंही हेच करू."

"पुसदले गर्भवती दुसरी पाहा, सर. हिले एसटीचे धक्के चालत नाही," इंदूबाई म्हणाल्या.

"अहो, पण हे नाटक आहे ना?"

"मलेबी तसंच वाटलं होतं."

डॉक्टरांना नीट कळलं नाही. "बरं, तुम्ही तरी या."

"उद्या नाही जमत," इंदूबाई म्हणाल्या. "घरी प्रशिक्षण हाय. पोराले कपडे धुवाले शिकवाचं हाय."