हुकमावरून, गोजराबाई

राजाजीनगरच्या त्या गल्लीत गोजराबाईंचा शब्द खाली पडत नसे. कुत्रीसुद्धा त्यांच्या दारात भुंकण्याआधी दोनदा विचार करीत! शाळा दुसरीत सुटली, पण आपलं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा, असं त्या स्वतःच सांगत.

आणि अशा बाईची भिंत येणारा-जाणारा ओली करी! बेळगावहून इथं, या कानडी शहरात, नांदायला आल्यापासूनचा हा अपमान. शेवटी त्यांनीच पदर खोचला, ब्रश काळ्या रंगात बुचकळला आणि लिहिलं: ‘हितं मुतनार तो गाडव. हुकमावरून, गोजराबाई.’

“आता बघते, कोण धजतोय!”

पुढच्याच महिन्यात त्या भाजी घेऊन परतत होत्या, तर समोरून भिंत चालत आली! तीच अक्षरं, तोच हुकूम, आणि वर मुंडकं वरच्या मजल्यावरच्या तनयचं. पुण्याहून नोकरीला आलेला भाडेकरू. गोजराबाईंच्या हातातली मेथी गळाली.

“मुडद्या! माझी भिंत अंगावर घातलीस?”

“आजी, हा माझा ब्रँड आहे!”

“बँड? माझ्या घरात पिपाण्या वाजवल्यास तर बघ!”

“बँड नाही हो, ब्रँड! कपड्यांचा. लोक रस्त्यावरच्या भिंती रंगवतात, काहीबाही लिहितात, ती कला आम्ही शर्टावर छापतो. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातली पोरं तर तुमच्या भिंतीवर तुटून पडलीत!”

“अगं बाई! तिथनं येतात मुतायला?”

“शर्टांवर, आजी, शर्टांवर! तुम्ही कलाकार आहात.”

ओठांवर आलेली शिवी गिळून गोजराबाईंनी पदर सारखा केला.

“अक्षर आवडलं असंल.”

“अक्षर आहेच. पण चुका जास्त आवडल्या. शुद्ध करून छापलं, तर कुणी हातसुद्धा लावला नाही.”

“चुका? कुठल्या रं चुका?”

तनयनं घाईघाईनं विषय बदलला. “पहिला शर्ट शिवाप्पाला दिला. रोज तुमच्या भिंतीशीच उभा असतो ना!”

गोजराबाईंची कळी खुलली. रिक्षावाला शिवाप्पा म्हणजे ओल्या भिंतीचा म्होरक्या! “बेस केलंस! गाडवाच्याच पाठीवर हुकूम चढला. आता लाजंल मेला.”

तेवढ्यात शिवाप्पाची रिक्षा आलीच. मागच्या बाजूला त्यानं स्वतः रंगवलेली वळणदार कानडी ओळ, अंगावर नवा शर्ट. तो उतरला. भिंतीकडे बघून हात जोडले. शर्ट काढला, डोळ्यांना लावला, घडी घालून सीटवर ठेवला आणि उघड्या अंगानं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला!

“शिवाप्पाऽऽ!”

तो दचकून नाडी सावरत वळला. “एनु अक्का? काय झालं?”

“लिवलेलं दिसत न्हाई?”

“दिसतंय की! पण ही नागरी अक्षरं मला कुठं वाचता येत्यात? देवराचा मंत्र हाय ना? म्हणून तर शर्ट काढला. भिंतीवरच्याला हात जोडले की भागतंय, पण अंगावर मंत्र ठेवून असलं काम केलं, तर पाप लागंल, अक्का!”

गोजराबाईंनी मनातल्या मनात गल्लीतली घरं मोजली. आख्ख्या गल्लीत मराठी वाचणारी माणसं दोनच, आणि ती दोघंही याच घरात राहत होती!

दुसऱ्या दिवशी भिंत नव्यानं पांढरी झाली. आता हुकूम कानडीत. पण गोजराबाईंना कानडी नुसतं बोलता येई, आणि गल्लीत कानडी अक्षर झोकदार असं एकाचंच.

ब्रश रंगात बुचकळून शिवाप्पानं अदबीनं विचारलं,

“काय लिहू, अक्का?”