दामोदरास गेलेल्या दोन उत्तरांची हकीकत

श्रीगुरूंच्या चरणी मस्तक ठेविले आहे, ते वर करावयास तोंड नाही. तैसेच ठेवून लिहितो, वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, पौष मासी आमचे श्रीमंत जनार्दनबुवा महाराज समुद्रापलीकडील थंड मुलखात संप्रदायाची गादी चालवीत होते. ठाणी चाळीस, प्रत्येक ठाण्यावर सेवक दोन, आणि अवघा कारभार महाराजांच्या एका मेजावर. देशी लोकांस वाटे, महाराज परमुलखी दिग्विजय करितात. पण महाराज पहाटे उठोन पूजा करीत, आणि मग सेवकांचे व्हिसे पाहात, आणि मग कोठे गिझर बिघडला त्याचा बंदोबस्त करीत, आणि मग कोणा दोघांत स्वयंपाकाच्या पाळीवरून तंटा लागला तो तोडीत, आणि ज्ञान सांगावयास बसावे तो दिवस मावळे. चिटणिशीवर प्रस्तुत लेखक होता. गादीची रीत ऐसी की, दर एकादशीस प्रत्येक सेवकाने ईमेलने वर्तमान कळवावे. आधी मायना, मग जपाची संख्या, मग सत्संगास किती माणूस आले ते, आणि स्वतःचे गाऱ्हाणे असल्यास अगदी अखेरीस, कारण सेवेच्या आधी स्वतःचे लिहिणे हा उर्मटपणा. दुसरी रीत ऐसी की, महाराजांच्या लेखी आज्ञेवाचून दोन वर्षे ठाणे सोडू नये. ऐंशी पत्रे वाचता वाचता डोळे फुटावयाची वेळ आली, तेव्हा लेखकाने अक्कल लढविली आणि एक तयार उत्तर रचिले: 'आपले वर्तमान वाचून संतोष पावलो. आहे त्या ठाण्यावर स्थिर राहून सेवा करावी.' खाली महाराजांचे नाव. कळ दाबावी आणि ऐंशी जणांस उत्तर जावे. महाराजांनी विचारिले, "सर्वांस चालेल ना?" लेखक म्हणाला, "न चालायला काय झालं महाराज?" उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, आणि त्या दिवशी आम्हांस त्याची फुशारकी वाटली.

शुद्ध एकादशीस उत्तरेकडील ठाण्यावरून दामोदर पाटगावकर याचे पत्र आले. जप इतका, माणूस इतके, आणि अखेरीस दोन ओळी, की मातोश्री अंथरुणास खिळल्या आहेत, डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले, आज्ञा व्हावी म्हणजे निघतो. ते पत्र कोणी अखेरपर्यंत वाचिले नाही. संध्याकाळी उत्तर गेले. दामोदराने आज्ञा मस्तकी धरिली आणि बांधलेली बॅग सोडिली. पौर्णिमेस मातोश्री गेल्या. वद्य एकादशीस त्याने लिहिले की, आज्ञेप्रमाणे स्थिर राहिलो, आई गेली. त्यासही तेच उत्तर गेले. मग दुसरे दिवशी त्याचा जोडीदार हणमंत याचा फोन आला. म्हणाला, "चिटणीस, दामू जेवंना झालाय. महाराजांना कशाचा संतोष झाला, तेवढं विचारून सांगा म्हणतोय."

लेखकाने दोन्ही पत्रे काढून महाराजांपुढे ठेविली. महाराजांनी ती दोनदा वाचिली, आणि मोटार काढविली, आणि बर्फातून सहा तासांची वाट धरिली. लेखकास मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, तरी वाटेत जीभ वळवळली. म्हणाला, "महाराज, विचार करूनच लिहिलं असं सांगावं. गादीची अब्रू राहील, आणि त्याच्याही जिवाला आधार."  महाराज ठाण्यावर पोहोचले तो दामोदर पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, तुम्ही लिहिलासा म्हणून राहिलो. त्यात माझ्या बऱ्याचंच काहीतरी असंल, मला उमगंना एवढंच. तेवढं समजावून सांगा." सांगावयास जागा आयती होती. तेथे लेखकाने मनात देवास विनविले की, महाराजांनी खोटे बोलावे. महाराज म्हणाले, "दामोदरा, उत्तरं गेली तेव्हा तुझी पत्रं मी वाचलीच नव्हती. एकही नाही."  दामोदर म्हणाला, "मग मी कुणाचं ऐकून राहिलो?"  महाराजांनी हात जोडिले, आणि स्वहस्ते रजेचा कागद लिहून पुढे केला. दामोदराने कागद घेतला नाही. बॅग भरिली आणि हणमंतास म्हणाला, "विमानतळावर सोड मला."

एणेप्रमाणे हकीकत जाहली. देशीच्या मठाने जाब पुसला की हे उत्तर रचिले कोणी, तेव्हा महाराजांनी लिहून दिले, 'मी.' गादी सोडिली. त्यांजवळ बसलेला चिटणीस गप्प राहिला, आणि त्याची चिटणिशी अद्याप चालू आहे. बखरीस लेखकाने नाव घालू नये अशी जुनी चाल सांगतात. येथे मात्र ते लाजेने घातले नाही.