वर्नाबाईंच्या कार्डाचा प्रकाश-कोटा

जी वस्तू लोक पाहतात ती विटते आणि जी कोणीच पाहत नाही ती टिकते, हे सत्य आमच्या ओहायोतल्या छोट्या गावाला जरा उशिराच कळलं. कळलं तेव्हा मात्र गावानं ते फारच मनावर घेतलं.

आमचं बेसबॉल-कार्ड संग्राहक मंडळ दर ऑगस्टमध्ये वाचनालयात प्रदर्शन भरवतं. जुन्या खेळाडूंची छापील कार्डं पूर्वी खिडकीपाशी मांडलेली असत, शेजारी बटाट्याचं सॅलड. मग अध्यक्ष डेलबर्ट हाइटकॅम्प यांनी प्रकाशमापक विकत घेतला आणि अज्ञानयुग संपलं. (त्याआधीही कार्डं विटत होती, पण किती, ते माहीत नसल्यानं कोणाला दुःख नव्हतं.)

पहिल्या वर्षी खिडक्यांना काळी फिल्म लावली. दुसऱ्या वर्षी जाड पडदे आले, आणि एकामागे एक अशी दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि आत-बाहेर करायचं ते एका वेळी एकानंच. तिसऱ्या वर्षी दिवे काढले आणि प्रेक्षकाला दहा सेकंदांपुरती विजेरी देऊ लागलो. यंदा विजेरीतले सेलही काढले. प्रेक्षकसंख्या अनुक्रमे ४१२, ९६, ३१ आणि ९. (नवांपैकी सहा आम्ही समितीवालेच.) रंग विटण्याचं प्रमाण शून्य. एवढं यश गावातल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेला मिळालेलं नाही.

उरलेल्या तिघांत वर्ना स्टुकनबोर्ग होत्या, वय चौऱ्याऐंशी. त्यांचे दिवंगत पती अर्बन मोठ्या संघातून एकच हंगाम खेळले, म्हणून त्यांचं कार्डही एकच निघालं. त्यावर निळ्या शाईत सही करून त्यांनी ते लग्नाआधी वर्नाबाईंना दिलं होतं. ‘गावाला बघू दे’ म्हणून बाईंनी ते मागे मंडळाला भेट दिलं, आणि मंडळानं ते काळ्या पेटीत ठेवलं.

“डेलबर्ट, माझे डोळे या हिवाळ्यापर्यंतचेच, असं डॉक्टर म्हणतात. एकदा त्याचा चेहरा बघू दे.”

वहीतला हिशेब डेलबर्टना अंधारातही पाठ होता. प्रत्येक कार्डाला वार्षिक प्रकाश-कोटा असतो, आणि हे कार्ड चाळीस वर्षं बाईंच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या वर, सकाळच्या उन्हात होतं.

“वर्ना, तुझ्या कार्डानं २०९१ पर्यंतचा उजेड आधीच खाऊन टाकलाय. ब्याण्णवमध्ये ये, मी स्वतः दाखवतो.”

“तेव्हा मी दीडशे वर्षांची असेन!”

“कार्ड मात्र आहे तसंच असेल. त्याची हमी माझी.”

“तुझी आई सांगायचीच. दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा विझतो का, ते बघायला तू आत जाऊन बसला होतास म्हणे!”

समिती निर्दय नाही. आम्ही बाईंना कार्डाचं अधिकृत वर्णन तोंडपाठ म्हणून दाखवलं (केस तपकिरी, हास्य मध्यम) आणि पेटी हातात धरायची परवानगी दिली.

पेटी हातात येताच बाई ती आपल्या वॉकरवर ठेवून निघाल्या. पहिलं दार, दुसरं दार, आणि थेट भर दुपारच्या पायऱ्यांवर. आम्ही सहाही जण मागे धावलो. पण नियमाप्रमाणे एकेक करून बाहेर पडायला चार मिनिटं लागली.

पोहोचलो तेव्हा पेटी उघडी होती आणि बाई हसत होत्या.

“अरे देवा, याचे कान केवढाले! आणि मी याच्याशी लग्न केलं!” नंतर त्यांनी स्वतःच झाकण लावलं, पेटी डेलबर्टच्या हातात दिली आणि मंडळाचं सभासदत्वही त्याच वेळी परत केलं.

चार मिनिटांत सही किती फिकी झाली, त्याचा आकडा माझ्याकडे आहे. तातडीच्या सभेत पहिला प्रश्न तोच निघाला, दुसराही तोच. बाईंना नीट दिसलं का, हे कोणी विचारलं नाही. तुम्हीही इतका वेळ त्या आकड्याचीच वाट पाहत असाल, तर संकोच कसला? मंडळात एक जागा रिकामी आहे.