नियम सांगणाऱ्याचं खातं

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या डेटनच्या आमच्या पंप कारखान्यात वॉल्टर कुबियाकला भलता जोर चढायचा. कामगारांच्या विम्याचं काम त्याच्याकडे. डोनटचं खोकं टेबलावर ठेवून तो आरोग्य बचत खात्याचं कीर्तन लावी. त्यातलं आम्हाला कळायचे ते फक्त डोनट. उपचारांसाठी साठवायचे करमाफीचे हे पैसे कोणाला भरता येतात? तर सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खिशातून करायला लावणारा विमा हवा. म्हातारपणीचा सरकारी विमा, मेडिकेअर, असेल तर नाही, कुणाच्या करपत्रकावर आश्रित असाल तर नाही, आणि उपचाराचा खर्च दुसरीकडून मिळत असेल तर विसराच. यंदा तो जास्तच तावात होता, कारण स्वतःच्या नव्या दाढांसाठी त्याने वर्षभर याच खात्यात पैसे साठवले होते. बिचारा कित्येक महिने नुसतं सूप पिऊन जगत होता.

यंदाची पहिली सभा झाली त्या संध्याकाळी घरी त्याची बायको लॉरेन खुशीत होती. ती शाळेत ग्रंथपाल. शाळेच्या वैद्यकीय खर्चाच्या खात्यात तिने जानेवारीपासून पगारातून पैसे कापून घेतले होते.

"तुझ्या दाढांसाठी," ती म्हणाली. "डिसेंबर संपायच्या आत वापरले नाहीत तर बुडतात. डॉक्टरची वेळसुद्धा घेतलीय."

वॉल्टरचा चमचा हवेतच राहिला. त्या खात्यातून नवऱ्याचाही खर्च भागतो. म्हणजे दुसरीकडून खर्च मिळणाऱ्यांत तो स्वतःच आला. त्याने वर्षभर आपल्या खात्यात भरलेले पैसे नियमबाह्य. आता काढा आणि वर कर भरा.

"नुसतं दात-डोळ्यांपुरतं खातं घ्यायचं ना," तो कळवळला. "ते चाललं असतं."

"तसंही होतं. दोन्हींत फरक काय, म्हणून तुला विचारलं होतं मी."

"मग?"

"घरी ऑफिसच्या गोष्टींनी डोकं खाऊ नकोस म्हणालास."

वॉल्टरने मनातल्या मनात सगळे नियम चाळले. तिचा नवरा नसण्याखेरीज एकही पळवाट सापडेना, आणि तेही मागच्या तारखेपासून.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीवाल्यांची सभा होती. वॉल्टरने नेहमीची यादी म्हटली आणि घसा खाकरला.

"आणखी एकाला पैसे भरता येत नाहीत. तो तुमच्यासमोर उभा आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. पॅकिंगच्या डार्लीनने विचारलं, मग दाढांचं काय?

"गुरुवारी बसवतायत. बायकोच्या खात्यातून," वॉल्टर म्हणाला. "पूर्ण भूल द्यायला सांगितलीय तिनं. नाहीतर मी तिथंही नियम समजावत बसेन."