किशननाना आणि दुसरा भाग

किशननानांबरोबर सिनेमाला जाऊ नये, हे आमच्या गंगाखेडात सगळ्यांना ठाऊक आहे. मला तर सर्वांत आधी ठाऊक असायला हवं, कारण त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. तरी मी गेले. एकदा नव्हे, दोनदा गेले. दोन्ही वेळा गाडी माझी होती, पेट्रोल माझं होतं आणि लोकांची बोलणीही मीच खाल्ली.

नानांना पुढचं सांगायची खोड आहे. एखादी गोष्ट कुठे जाऊन संपते हे त्यांना कळलं, की ते त्यांच्या पोटात राहत नाही. टीव्हीवरच्या मालिकेचा भाग त्यांच्या मोबाइलवर आदल्या दिवशीच येतो. मग आमच्या खिडकीच्या गजांतून आवाज येतो, "सुनंदा, धाकल्या दिरानंच मारलंय गं त्याला. उद्या कळंल तुला. उगी जीव टांगून बसू नको."

मी शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून येते. संध्याकाळचा तेवढा एक अर्धा तास माझा असतो. तोही हा माणूस ठेवत नाही.

लग्नाच्या पंगतीत नाना शेजारच्याला सांगतात, "भात कमी घ्या, मागून जिलबी यायलीय." कीर्तनात बुवा राजाला रंगवून रंगवून अरण्यापर्यंत नेतात, तोवर मागच्या ओळीत नानांनी राणी सापडल्याचं जाहीर केलेलं असतं. माझ्या नवऱ्याने जन्मात एकदा माझ्या वाढदिवसाला गुपचूप साडी आणली. तर सकाळी नळावर पाणी भरताना नाना म्हणाले, "हिरवी हाय. काठ जरा बारीक हायेत, पन तू तोंड वाकडं करू नको."

विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. नाना एसटीत कंट्रोलर होते. गंगाखेडच्या स्टँडवर काचेमागे बसून, कुठली गाडी कुठे लागली आणि कुठे जाणार, हे माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "मानसाला गाडी कुठं जायलीय ते चढायच्या आदी कळाया पायजे. जायचंय सोनपेठला आन् बसला परभनीच्या गाडीत, मंग काय उपेग?" गाडी वेगळी आणि गोष्ट वेगळी, असं मी त्यांना पुष्कळदा समजावलं. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे असे बघतात, जणू मीच चुकीच्या गाडीत बसले आहे.

आता ज्या सिनेमापायी माझे हाल झाले, त्याविषयी सांगते. मुलांचं एक जुनं परदेशी पुस्तक आहे, मराठीत आणलेलं. कोणीतरी ते बसमध्ये विसरलं. कंडक्टरने नानांच्या केबिनमध्ये आणून ठेवलं. मालक काही फिरकला नाही, तेव्हा नानांनी ते वाचायला घेतलं आणि पार वेडे झाले. एका मुलीला कोरड्या विहिरीच्या तळाशी एक दार सापडतं. दारापलीकडे एक राज्य असतं आणि ते दार राखायला एक म्हातारं कासव असतं. दोन भाग आहेत, एकाच पुठ्ठ्यात बांधलेले.

नानांची नात सई तेव्हा इथेच असायची. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, म्हणून ही आजी-आजोबांकडे. रोज संध्याकाळी ओट्यावर नाना तिला ते पुस्तक वाचून दाखवत. पहिल्या भागाचा शेवट तेवढा राहिला होता, आणि शाळेसाठी तिला पुण्याला नेलं. ती दुसरीत असताना त्या पुस्तकावरचा सिनेमा आला. सई सुट्टीला आली होती. नाना म्हणाले, "सुनंदा, गाडी काढ. परभनीला जायचं."

थिएटरात खुर्च्यांना नंबर असतात. नानांना ते मंजूर नाही. दार उघडताच त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल, त्यांची दस्ती, लोकांच्या डोक्यावरून फेकली आणि तीन खुर्च्या अडवल्या. एसटीच्या खिडकीतून जागा धरतात तशा. त्या खुर्च्या दुसऱ्यांच्या निघाल्या. तिथून जी भांडणं सुरू झाली, ती सिनेमा सुरू झाल्यावरही थांबली नाहीत, कारण नाना आपल्या माइकच्या आवाजात पुढचं सांगत होते. "आता कासव बोलंल बघा." कासव बोललं. "आता शिपाई आडवे येतेत." शिपाई आडवे आले. मागून एकाने पॉपकॉर्न फेकले. ते माझ्या केसांत अडकले.

शेवट आला. मुलगी दारापाशी धावत होती, सई खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती, आणि नाना बोलले, "दार बंद व्हायलंय. पोरगी वर जाती, कासव खालीच ऱ्हातंय."

सईने भोकाड पसरलं. "मला नव्हतं ऐकायचं! मी तुमच्याबरोबर पिक्चर कधीच बघणार नाही, कधीच!"

आम्ही परत निघालो. एरवी गाडीत ते प्रत्येक गाव यायच्या आधी पुकारतात. त्या दिवशी पोखर्णी आली नि गेली, त्यांनी मान वर केली नाही. घरी उतरल्यावर सईपुढे दोन्ही कान धरून उभे राहिले. "दुसऱ्या भागाला तोंड उघडलं तर मला कंट्रोलर म्हनू नको."

दुसरा भाग यायला इतकी वर्षं लागली, की सई नववीत गेली. मधल्या काळात नानांची बायको, आमच्या काकू, वारल्या. सईचं येणं कमी झालं. आठवड्याला एक फोन असे, तोही स्पीकरवर. पातळ भिंतीमुळे तो मलाही ऐकू येई. नाना विचारत, आणि फोनमधून "जेवले, बरी आहे, ठेवते" एवढंच येई.

सिनेमाची बातमी आल्यापासून नानांनी मला जगू दिलं नाही. रोज सकाळी, "लागली का गाडी फलाटाला?" गाडी म्हणजे सिनेमा. मी चिडून म्हणायचे, लागली की पुकारीन. त्यात गप्प बसायचा सराव आमच्याच घरी चालला होता. आमच्या सोफ्यावर बसून, दस्तीचं टोक दातांत धरून ते आमची मालिका बघत. एकदा खरंच शेवटपर्यंत टिकले. मग चप्पल घातली, बाहेर गेले आणि खिडकीतून सांगितलं, "ती नर्स खोटी हाय."

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर त्यांनी सईला फोनवर सिनेमाचं विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, ते लहान मुलांचं आहे ना आता." नाना म्हणाले, "हाव, ते बी खरंच हाय." त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले नाहीत. मालिकेत कोण मरणार हेही खिडकीतून कळलं नाही. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी तडफडत होते, ती मिळाली आणि मला घास गोड लागेना. मी सरळ सईला फोन लावला आणि वर्गातल्या पोरांना झापते तशी झापली.

दिवाळीत सई आली. कानात इअरफोन, उंचीला नानांच्या खांद्याच्या वर. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "चला आजोबा, दुसरा भाग बघू."

पुन्हा परभणी, पुन्हा दस्ती, पुन्हा भांडण. आत जाण्याआधी सईने मला बाजूला ओढलं. "सुनंदाकाकू, मी पुण्यात मैत्रिणींबरोबर बघितलाय हा. आजोबांना सांगू नका हं." मी कपाळावर हात मारला. तिचा बघून झालेला, नानांना पाठ असलेला, आणि तिकिटं मात्र तिघांची.

सिनेमा सुरू झाला. नाना दस्ती तोंडात कोंबून बसले. दहा मिनिटं बरी गेली. मग अंधारात माझ्या शेजारून आवाज आला, "आता ती विहिरीत उतरणार बघा."

मी नानांकडे वळले. नानांचं तोंड बंद होतं. बोलत होती सई.

"दार आता तिला लहान पडतं, आजोबा. अडकते ती." मुलगी अडकली. "कासव तिला ओळखतच नाही आधी, बघा हं." तोच आवाज, तोच ठसका, नुसता माइक हातात द्यायचा बाकी होता. आणि नाना, ज्यांना त्या पुस्तकातली ओळ न् ओळ पाठ आहे, ते दस्ती काढून विचारत होते, "आगं बया! वळखत न्हाई? मंग?"

मध्यंतरात सई बाहेर गेली तेव्हा मी त्यांना धरलं. "नाना, 'मंग' काय? तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

"गप गं," नाना म्हणाले. "फोनवर 'जेवले, ठेवते' हून फुडं जात न्हाई ती. आता बोलायलीय तर बोलू दे की."

उत्तरार्धात पुढच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला. "ओ आजोबा, त्या पोरीला गप करा!"

नानाही उभे राहिले. "का म्हनून? गाडी कुठं जायलीय ते सांगायलीय ती. कळाया नको का मानसाला?" मग सगळं थिएटर आमच्यावर ओरडलं. मी पदराने तोंड झाकून बसले. त्या आरडाओरड्यात कासवाने मुलीला कसं ओळखलं ते मला ऐकूच आलं नाही. नाना डोळे पुसत होते आणि सई त्यांच्या दंडाला धरून सांगत होती, "थांबा, आता रडू नका, पुढे चांगलं होतं."

दोन दिवसांनी सई निघाली. तिचं पुण्याच्या गाडीचं रिझर्वेशन होतं, तरी नानांनी खिडकीतून दस्ती टाकलीच. सीटवर बसून तिने ती परत दिली आणि म्हणाली, "आजोबा, तिसरा भाग आला की मी येणार. पक्कं. मला सोडून बघायचा नाही."

"न्हाई बघत. तू आल्याबिगर न्हाई," नाना म्हणाले. गाडी वळून दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत राहिले.

मला राहवलं नाही. "नाना, पुस्तक तर दोन भागांतच संपतं. तिसरा कुठून येणार?"

नानांनी दस्ती झटकली, घडी केली आणि खांद्यावर टाकली. सगळ्या गावाला सगळं आधीच सांगून ठेवणारा हा माणूस, माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "मला म्हाईत हाय. तिला सांगू नको, सुनंदा."