देवधर मॅडम आणि भुकेचा निरोप

आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या देवधर मॅडम लहान मुलांची आधी मान बघायच्या, मग चेहरा. नारायण पेठेतल्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेलं. निवृत्तीनंतर त्यांचा वर्ग लिफ्टमध्ये भरायचा.

एकदा आमच्या मुक्ताचा नंबर लागला. मुक्ता दहा वर्षांची, वजनात बरीच पुढे गेलेली.

"मान कशाने घासता हिची?" मॅडमनी मला विचारलं.

"बेसन आणि लिंबू. तरी मळ निघतच नाही."

"मळ असेल तर निघेल ना! अहो, रक्तात इन्सुलिन फार झालं की मान अशी काळवंडते कधीकधी. केवढी गंमत आहे बघा!"

मला त्यात काही गंमत दिसेना. पण तिसऱ्या मजल्यावर उतरायचं सोडून आम्ही दोघी सातव्यावर, मॅडमच्या घरात पोचलो होतो.

"भूक लागली की पोट मेंदूला निरोप पाठवतं. त्याचं नाव घ्रेलिन," मॅडम हातवारे करत सुटल्या. "चरबी दुसरा निरोप पाठवते, लेप्टिन. साठा आहे, पुरे आता! पण चरबी वाढली की हा निरोप इतका येतो, इतका येतो, की मेंदू लक्षच देईनासा होतो. इन्सुलिनचं तेच. साखर आत घ्या म्हणून ते दार ठोठावतंय आणि पेशी ढिम्म! मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. केवढी गंमत!"

"म्हणजे मी हावरट नाही?" मुक्ताने हळूच विचारलं.

मॅडमचे हात हवेतच थांबले. "कोण म्हणालं हावरट?"

"सगळेच. म्हणून मी शाळेत बाथरूममध्ये जाऊन डबा खाते."

मला हे माहीत नव्हतं.

"तुझी भूक खरी आहे," मॅडम म्हणाल्या. "निरोपांचा घोटाळा झालाय, तो आपण निस्तरू."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. साखर ठीक होती, इन्सुलिन मात्र चढलेलं. उपाशी ठेवू नका, घराच्याच सवयी बदला, असं त्यांनी सांगितलं. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला. उशिरा येणार, येताना पिझ्झा आणणार, मग टीव्ही आणि अर्धवट झोप. मॅडमनी आमच्या घरावर मोर्चाच आणला. "झोप कमी झाली की घ्रेलिन बोकाळतं! दिवे घालवा!" कोल्ड्रिंकच्या बाटल्या गेल्या. संध्याकाळी पार्किंगमध्ये लंगडी सुरू झाली. पंच अर्थात मॅडम, आणि आरडाओरडा मुलांपेक्षा त्यांचाच जास्त.

सोसायटीच्या गणपतीत, मुलांचा कार्यक्रम चालू असताना, मुक्ताने मोदक उचलला तेव्हा शेजारचे सबनीसकाका हसत म्हणाले, "अगं, बाप्पाला ठेव एखादा!"

मॅडमनी सूत्रसंचालकाच्या हातातला माइक काढून घेतला. "सबनीस, आपल्या शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलीत, त्याबद्दल आम्ही कधी बोललो का?" त्यानंतर लेप्टिनवर असं काही व्याख्यान झालं, की परीच्या वेषातली मुलं पंख सांभाळत झोपून गेली.

काही महिन्यांनी तपासणी झाली. वजन फारसं उतरलं नव्हतं, पण इन्सुलिन चांगलंच खाली आलं होतं. मुक्ता रिपोर्ट घेऊन जिन्याने सातव्या मजल्यावर धावली, मी मागून धापा टाकत. दार उघडंच होतं. मॅडम ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातूनच दहीभात खात होत्या.

"बसून नाही जेवत?" मुक्ताने विचारलं.

"एकटीसाठी कशाला ताट घ्यायचं?" त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "कित्येक वर्षं झाली आता."

मुक्ताने रिपोर्ट बाजूला ठेवला. मांडणीवरून दोन ताटं काढली, जमिनीवर मांडली आणि मांडी घालून बसली.

"मॅडम, मला भूक लागलीये," ती मोठ्याने म्हणाली.

एरवी यावर त्यांनी घ्रेलिनपासून सुरुवात केली असती. आज मात्र त्यांनी घाईघाईने परात घेतली, भाकरीचं पीठ मळायला लागल्या, आणि पदराने डोळे पुसताना गालाला पीठ लागलं तेही त्यांना कळलं नाही.